पोरगं टेबलावर की डाळ मिलमध्ये?
सदर : बांधावरून • वऱ्हाडकर

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं विद्यावेतन ठरलेलं आहे : बारावीवाल्याला महिना 6,000 रुपये, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. 2024 मध्ये योजना आली तेव्हा मुदत सहा महिने होती, पुढं अकरा झाली. रक्कम कमी की जास्त, या वादात मला पडायचं नाही. पोरगं बसवलं कुठं, ते सांगा. राज्यभर यातली बरीच मुलं सरकारी कार्यालयांत, ग्रामपंचायतींत, शाळांत लागली आणि नंतर 'कायम करा' म्हणत रस्त्यावर उतरली. त्यांना तरी दोष कसा द्यावा? आवक-जावक रजिस्टर लिहायला शिकलेल्याला त्या टेबलाबाहेर कोण विचारतो?

वाशिम जिल्ह्यात शिकण्याजोगं काम सोयाबीन आणि तुरीभोवती आहे. हमीभावाने सोयाबीन विकायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर चालत नाही; 2024 च्या हंगामात यावरून एवढी ओरड झाली की केंद्राला 15 टक्क्यांपर्यंत सूट द्यावी लागली. बियाण्याचं तर आणखी नाजूक. साल पातळ, मळणीयंत्र जोरात फिरलं किंवा पोतं उंचावरून आदळलं की उगवण गेलीच समजा. म्हणून मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, आणि सत्तरच्या खाली उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. डाळ मिलमध्ये तुरीला तेल-पाणी लावून किती मुरवायचं, किती वाळवायचं, हे मिस्त्री दाणा दाताखाली फोडून ठरवतो. हे कोणत्याच शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

मग पोरं तिथं का नाहीत? राज्याच्या योजनेत खासगी आस्थापनेकडे भविष्य निर्वाह निधीची नोंदणी लागते, आणि तो कायदा मुळात वीस माणसांपासून लागू होतो. एक मिस्त्री आणि चार हमालांवर चालणारी मिल दारातच अडते. केंद्राची 2016 ची शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजना चार माणसांच्या आस्थापनेलाही चालते. पण तिथं केंद्र देतं विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, तोही 1,500 रुपयांपर्यंत. बाकीचे मालकाच्या खिशातून. हंगामी मिलवाला कशाला त्या भानगडीत पडेल?

माझं म्हणणं सरळ आहे. पैसा राज्याचा ठेवा आणि चार माणसांची अट केंद्राची घ्या. शिकवणाऱ्या मिस्त्रीलाही महिन्याकाठी काही द्या. त्याचा वेळ फुकट का जावा? छोट्या मिलवाल्यांची कागदपत्रं रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेने एकत्र सांभाळावीत.

आणि नेमणूक मेमध्येच करा. अकरा महिन्यांची मुदत शेतीला नेमकी बसते : मेमध्ये उगवण चाचणी, जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात मळणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर मिलवर. आदेश नोव्हेंबरात निघाला, तर पोरगं रुजू होईल तेव्हा सोयाबीन बाजारात गेलेलं असेल.