रंगीत वाळवंटातला खडा

नणंदेकडे अमेरिकेला गेलो तेव्हा ॲरिझोनातलं ‘पेंटेड डेझर्ट’ पाहिलं. टावा पॉइंटच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली तांबड्या, गुलाबी, राखाडी थरांच्या टेकड्या; जणू ट्रंकेत घडी घालून रचलेली लुगडीच! (जाल तर उन्हं तिरपी असताना जा, रंग खुलतात.) तो तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा, आपल्या तव्यावर चढतो तोच.

याच उद्यानात पुढे वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडं आहेत. तिथून काही नेण्यास सक्त मनाई. धाकट्यानं तरी एक तुकडा खिशात घातलाच. सासूबाई म्हणाल्या, “असू दे गं, लेकरू आहे.” मी तो होता तिथेच ठेवायला लावला. कितीतरी लोक नेलेले तुकडे मागाहून पश्चात्तापानं टपालानं परत पाठवतात. पण मूळ जागा ठाऊक नसल्यानं ते वेगळ्या ढिगात पडून राहतात.

सासूबाई गाडीत तासभर बोलल्या नाहीत.