कर नाही, मग रिटर्न कशाला?

2025च्या अर्थसंकल्पापासून ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य निवृत्तांच्या कट्ट्यावर इतकं घोळलं गेलं, की ‘मग रिटर्न कशाला?’ हा प्रश्न ओघानेच आला. उत्तर मात्र बारा लाखांपाशी नाही.

समजा, एका निवृत्त शिक्षकाला महिना 28,000 पेन्शन आहे, वर्षाचे 3,36,000. ठेवींचे व्याज दीड लाख. 2025-26 च्या हिशेबाने, नव्या करप्रणालीत 75,000ची प्रमाणित वजावट जाऊन उरतात 4,11,000. त्यावर कर 550 रुपये, आणि सवलतीमुळे तोही शून्य. तरी रिटर्न भरावेच लागते, कारण कायद्याने ते बंधन 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेला जोडले आहे. बँकेत पंधरा-एच दिला की सुटलो, असे अनेकांना वाटते. त्या फॉर्मने टीडीएस थांबतो, एवढेच. आणि मुदत हुकली, तर पैचाही कर देणे नसलेल्या या मास्तरांना 1,000 रुपये विलंब शुल्क. हे काही पटत नाही.

पेन्शन आणि बँकेचे व्याज पॅनमुळे आयकर खात्याला आधीच दिसते. मग तेच म्हाताऱ्या माणसाकडून पुन्हा का लिहून घ्यायचे? यावर सरकारी बाजूलाही उत्तर आहे. रोखीत आलेले घरभाडे कुठल्याच बँकेच्या नोंदीत नसते. संयुक्त ठेवीचे व्याज भलत्याच नावावर पडलेले असते. आपला हिशेब आपण सांगण्याची जागा रिटर्नच.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांसाठी 2021 पासून एक वाट आहे: पेन्शन आणि व्याज एकाच बँकेतले असेल, तर बँकच कर कापते आणि रिटर्न भरावे लागत नाही. पण पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते असले, की ही सूट गेली. आणि पोस्टात पैसे नसलेला पेन्शनर शोधून काढावा लागेल! वयाची अट साठवर आणावी आणि पोस्टाचे व्याजही त्यात धरावे. रोखीच्या उत्पन्नाची भीती असेल, तर तसे उत्पन्न नसल्याचे एका ओळीचे निवेदन घ्यावे.

तोवर मास्तरांनी रिटर्न भरावे. पोर्टलवर ‘सहज’ फॉर्मला पैसे पडत नाहीत. फक्त ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर जात नाही ना, ते पाहावे, कारण 30 दिवसांत पडताळणी झाली नाही तर भरलेले वाया. मुलीकडे अमेरिकेला जाताना स्वतःचे दोन लाखांहून अधिक खर्च केले असतील, तर उत्पन्न कमी असूनही रिटर्न चुकत नाही. मात्र अडीच लाखांच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या, दुसरे उत्पन्न आणि टीडीएस नसलेल्या आजींना कोणी ‘भरून ठेवलेलं बरं’ म्हणून पाचशे रुपये मागत असेल, तर त्यांनी ते खुशाल वाचवावेत. एखाद्या आजींना व्याजही असेल आणि त्यातून टीडीएस कापला गेला असेल, तर मात्र त्यांनी भरावे. ते पैसे परत मिळण्याचा दुसरा मार्ग नाही.