नायट्रस मारूया की!

शनिवारी संध्याकाळी मित्राचा फोन. "उद्यमनगरात ये. भारी काम काढलंय." गेलो, तर त्याच्या हॅचबॅकची डिकी उघडी आणि आत एक निळी बाटली आडवी झोपलेली. कुणीतरी रेसिंग सोडलं, त्याच्याकडून साहेबांनी सेकंडहँड किट उचललं होतं. "नायट्रस मारायचा, भावा. बटन दाबलं की पन्नास हॉर्सपॉवर जास्त!" गाडीचे हप्ते अजून तीन वर्षं बाकी आहेत, हे मी त्याला आठवून दिलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद होता.

मेस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. फळीवरचा एक जुना पिस्टन काढून मित्राच्या हातात दिला. "ह्यो धर आधी." पिस्टनची कडा उन्हात ठेवलेल्या गुळासारखी ओघळली होती आणि मधोमध बोटभर भोक.

आपल्यापैकी बहुतेकांना नायट्रस हे 2001 च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'ने शिकवलं, त्यामुळे ते काहीतरी जहाल इंधन आहे असंच वाटतं. (ऑफिसातल्या एकाने तर मला विचारलं, "पंपावर टायरमध्ये भरतात तेच ना?" नाही रे बाबा, तो नायट्रोजन!) नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. इंजिनात 300 अंशांच्या आसपास त्याचे तुकडे होतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन, यात 36. शिवाय हा द्रव उणे 88 अंशांना उकळतो, म्हणजे आत शिरताना हवा गार आणि दाट करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानं विरळ हवेत उंचावर हीच युक्ती वापरायची.

पण ऑक्सिजन वाढला की त्या मापाने पेट्रोलही वाढायला हवं. नाही वाढलं तर मिश्रण 'लीन' होतं, आतला ताप चढतो, नॉकिंग सुरू होतं. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, ज्वाला दोन हजारांच्या पुढे. मग काही सेकंदांत तो गूळ.

"जादा पेट्रोल कुठनं आणणार हाईस?" मेस्त्रींनी विचारलं. मित्राने खोकं उलटं केलं. गॅसचा सोलेनॉइड होता. पेट्रोलचा नव्हताच! फ्युएल पंप कंपनीचा, प्लग कंपनीचे (इथे एक-दोन नंबर गार प्लग लागतात), टायमिंग मागे घेतलेलं नाही. आणि बटन तर स्टिअरिंगवर उघडंच लावायचं ठरलेलं. खरं तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि आरपीएम तीन हजारांच्या वर असल्याशिवाय गॅस सुटताच कामा नये. नाहीतर तो मॅनिफोल्डमध्ये साचतो आणि बॅकफायर होतो. हे काम बोटाचं नाही, स्विचचं.

मला सगळ्यात जास्त धसका बाटलीचा बसला. 36.4 अंशांच्या वर हा गॅस कितीही दाबला तरी द्रव राहत नाही, आणि तोवर आतला दाब 72 बारपर्यंत गेलेला असतो. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार भरतो! एप्रिलमध्ये एमआयडीसीच्या पार्किंगला नऊ ते सहा उन्हात उभ्या गाडीची डिकी किती तापते, ते तुम्हीच बघा. दाब फार वाढला तर बाटलीची सेफ्टी डिस्क फुटते. त्या गॅसला नळीने गाडीबाहेर वाट हवी. नाहीतर बंद काचांच्या गाडीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि चालवणारा गुंगतो. मेस्त्रींनी फडक्याने बाटलीचा गळा पुसला. टेस्टिंगच्या तारखेवर कुणीतरी निळा रंग मारला होता.

रस्त्याचा तर प्रश्नच नाही. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल देताना सांगितलंय. सिलिंडरच्या मंजुरीचं पाहायला नागपूरला 'पेसो' बसलंय. अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाल्यांना काय सांगणार? हौसच असेल तर बंद धावपट्टी, आयोजकांची परवानगी आणि गाडीची तपासणी. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, त्या अशाच.

मित्र हिरमुसला. मग मेस्त्रीच विरघळले. "रविवारी ये. आधी कॉम्प्रेशन बघू, मग बोल." रविवारी बघितलं. तीन सिलिंडर 170 च्या आसपास, दुसरा 135. म्हणजे गाडी आत्ताच आजारी, आणि तिला पळवायला निघालेलो आम्ही. मित्र दहा मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, रिंगा बदलायला किती लागतील?"

बाटली सध्या मेस्त्रींच्या शेडच्या मागे, सावलीत, साखळीने खांबाला बांधून उभी आहे. मित्र रोज दुपारी दोनला फोन करून विचारतो, तापली नाही ना?