‘३१ मे २०००’: कृष्णेच्या पाण्यावरील एक सोयीस्कर दंतकथा

१/ कृष्णा खोऱ्याच्या इतिहासात एक वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला पुरावा मागण्याचेही कोणाला सुचत नाही. ते असे: मे २००० पर्यंत पाणी अडवले नाही, तर महाराष्ट्राचा त्यावरील हक्क कायमचा बुडेल. बच्छावत लवादाच्या निवाड्यात असे कलम कोठेही नाही.

२/ आधी पार्श्वभूमी. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेवर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तत्कालीन अखंड आंध्र प्रदेश यांचा दावा होता. त्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला. १९७३ मध्ये निवाडा आला, १९७६ मध्ये तो अंतिम झाला. चारपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे २०६० टीएमसी पाणी गृहीत धरले गेले. त्यातील महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८००. (१ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट.)

३/ मग ‘३१ मे २०००’ ही तारीख आली कोठून? त्या तारखेनंतर केव्हाही निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल, मात्र मंजूर वाट्याच्या मर्यादेत सुरू झालेल्या वापराला शक्यतो धक्का लावू नये, एवढेच निवाड्यात आहे. तो फेरविचाराचा दरवाजा होता. जप्तीची मुदत नव्हे.

४/ त्याहून महत्त्वाची तरतूद प्रचारात कधीच आली नाही. जलाशयात नुसते साठवलेले पाणी ‘वापर’ म्हणून मोजले जात नाही. बाष्पीभवनादी नैसर्गिक घट तेवढी धरली जाते. पाणी वळवून वापरले, तरच ते त्या वर्षी राज्याच्या खात्यावर चढते. म्हणजे हक्क सिद्ध करायचा तर भिंत पुरेशी नव्हती, कालवा हवा होता.

५/ प्रत्यक्षात उलटे घडले. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, रोख्यांतून भांडवल उभारले गेले आणि एकाच वेळी असंख्य कामांचे नारळ फुटले. पैसा विखुरला. भिंती वर आल्या. कालवे, वितरिका आणि उपसा योजना रेंगाळल्या.

६/ या घाईची किंमत दोघांनी मोजली. धरणग्रस्तांची जमीन आधी गेली, पुनर्वसन मागून चालत राहिले. आणि ज्यांच्या नावाने घाई झाली त्या दुष्काळी आटपाडी, सांगोल्याला टेंभू योजनेच्या पाण्यासाठी २००० नंतरही अनेक वर्षे वाट पाहावी लागली.

७/ खरा प्रश्न त्याआधीच विचारला गेला होता. १९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषद भरली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीची मागणी समन्यायी वाटपाची होती: पाणी कोणाच्या शिवारात जाणार? ‘मुदत संपत आली’ या गजरात हा प्रश्न बुडवणे सोपे गेले.

८/ आक्षेप येईल की भीती निराधार नव्हती. फेरविचारात न वापरलेले पाणी अधिक असुरक्षित ठरले असते. हे मान्य. पण संरक्षण वापराला होते, म्हणून तो युक्तिवादही अपुऱ्या धरणांच्या नव्हे, पुऱ्या कालव्यांच्या बाजूने जातो. आणि निकाल पाहा: २०१० मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने जुना वाटा कायम ठेवून महाराष्ट्राचा एकूण हिस्सा ६६६ टीएमसी केला. (२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली.)

९/ शेजारी राज्य पाणी पळवील, ही भीती राजकारणाला परवडते, कारण तिच्यात वैरी सीमेपलीकडे असतो. राज्याच्या आतील वाटपाचा हिशेब मागितला, की उत्तर घरातच द्यावे लागते. म्हणून पुढच्या वेळी कोणी पाण्याची ‘शेवटची तारीख’ सांगेल, तेव्हा आधी कलम मागावे आणि मग कालव्याचा नकाशा.