विश्लेषण : हरित जीवनशैली म्हणजे फक्त काटकसरच का? वर्ध्याचा अनुभव काय सांगतो?

जागतिक पर्यावरण दिन जवळ आला की झाडे लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा या सूचनांची उजळणी होते आणि पावसाळा सरेपर्यंत त्या विसरल्याही जातात. याचे एक कारण म्हणजे त्यात ‘हे करू नका’ असाच सूर अधिक असतो. वर्धा जिल्ह्यात मात्र निसर्गाला न ओरबाडता रोजचे जगणे कसे चालवावे, याचे प्रयोग १९३० च्या दशकापासून सुरू आहेत. त्यावरून रोजच्या जगण्यासाठी काय घेता येईल?

मुळात वर्धा जिल्हाच का?

महात्मा गांधी १९३४ मध्ये वर्ध्यात राहू लागले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. १९३४ मध्येच अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्यातील मगनवाडीतून चाललेल्या या संघाची धुरा अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. घाणीचे तेल, हातकागद, मधमाशीपालन, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ असे प्रयोग तेथे झाले. १९३८ मध्ये मगन संग्रहालय सुरू झाले. कुमारप्पा यांची मांडणी सोपी होती. कोळसा आणि खनिज तेल हा साठा आहे, तो उपसला की संपतो. शेतमाल, लाकूड, ऊन, पाऊस हा प्रवाह आहे, तो जपला तर दरवर्षी पुन्हा मिळतो. घर असो की देश, जितका प्रवाहावर चालेल तितका टिकेल. हवामान बदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा हा विचार आज अक्षय ऊर्जेच्या धोरणांत दिसतो.

सरकारी मोहिमांत हा विचार कुठे आहे?

‘लाइफ’ म्हणजे पर्यावरणपूरक जीवनशैली ही संकल्पना भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत मांडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधील केवडिया येथे या मोहिमेला सुरुवात झाली. त्यात नागरिकांनी करावयाच्या ७५ कृतींची यादी आहे. महाराष्ट्रात ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून पंचमहाभूतांच्या आधारे गावे आणि शहरांचे मूल्यमापन करते. मात्र यादी पाठ केल्याने सवय लागत नाही. ज्या कृतीतून पैसा वाचतो, चव मिळते, अंगाला गारवा लागतो किंवा चार माणसे भेटतात, तीच सवय टिकते.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात वीज न जाळता गारवा मिळतो का?

सेवाग्रामची बापू कुटी पाहणाऱ्याला मातीच्या जाड भिंती, कवेलूंचे छप्पर, पुढे आलेली पडवी यांचा उपयोग मे महिन्यात लगेच कळतो. भिंत उशिरा तापते, पडवी तिच्यावर ऊन पडू देत नाही. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ने माती-बांबूच्या स्वस्त घरांवर वर्ध्यातच काम केले. सगळ्यांनी मातीची घरे बांधावीत असा याचा अर्थ नाही. सिमेंटच्या घरातही गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडकीवर वाळ्याची किंवा बांबूची तट्टी आणि त्या बाजूला एखादे झाड एवढे केले तरी फरक पडतो.

वैदर्भीय कूलरही या हिशेबात उजवा आहे. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला साधारण दीड हजार वॉट वीज लागते. घरगुती कूलर त्याच्या जेमतेम आठव्या-दहाव्या हिश्शात चालतो आणि कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो. अर्थात तो पाणी पितो. त्यामुळे टंचाईच्या दिवसांत तो रात्रंदिवस चालवणे परवडणारे नाही. आठवड्यातून एकदा टाके रिकामे करून कोरडे ठेवले तर डासही होत नाहीत आणि काढलेले पाणी अंगण धुवायला येते. वातानुकूलन यंत्र असेलच, तर तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

गच्ची आणि स्वयंपाकघराचा हिशेब काय?

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्धा जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे ५० चौरस मीटरच्या, सुमारे साडेपाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर ५० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४० हजार लिटर विहिरीत किंवा बोअरमध्ये मुरवता येते.

त्याच गच्चीवर ऊनही पडते. एक किलोवॉटच्या सौर संचातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरवले गेले. ज्यांचे बिल मोठे त्यांचा खर्च लवकर वसूल होतो. बिलच कमी असेल तर आधी जुने पंखे आणि दिवे बदलणे फायद्याचे.

उन्हाचा सर्वात चविष्ट वापर मात्र वैदर्भीय घरांना शिकवावा लागत नाही. कुरडया, पापड, मुंगवड्या आणि वाळवलेल्या मिरच्या हे सारे याच उन्हावर होते. शिवाय या कामाला शेजारीपाजारी एकत्र जमतात. ओल्या कचऱ्याचेही तसेच. भोके पाडलेल्या जुन्या बादलीत भाजीच्या देठांवर दरवेळी कोरडा पालापाचोळा टाकत गेले की वास येत नाही आणि दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. त्यात लावलेली मेथी-कोथिंबीर ताटात येते, तेव्हा कचरा वेगळा करा हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

खरेदीतून काय साधते?

मगन संग्रहालयाच्या खादीत सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रंगांचा वापर होतो. ग्रामसेवा मंडळासारख्या संस्थांमुळे घाणीच्या तेलाची परंपरा वर्ध्यात टिकून आहे. ‘गोरस भांडार’चे गोरसपाक तर वर्ध्याची ओळखच आहे. या वस्तू जवळच तयार होत असल्याने वाहतूक कमी लागते आणि पैसा जिल्ह्यातच फिरतो. मात्र खादीचा कुर्ता महाग वाटतो, ही तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे वर्षाला पाच कपडे घेण्याऐवजी दोनच घेणे आणि ते विरेपर्यंत वापरणे. हरित म्हणून नवी खरेदी वाढवणे हा उलटा प्रवास झाला.

सगळा भार नागरिकांवरच का?

हाच कळीचा मुद्दा आहे. हवामान बदलाबाबतच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२२ च्या अहवालानुसार, मागणीच्या बाजूने केलेल्या उपायांतून २०५० पर्यंत उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी घटू शकते. पण त्यात सवयींसोबत पायाभूत सुविधा आणि तंत्रज्ञानही गृहीत आहे. वर्ध्याने याचा धडा घेतला आहे. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम मार्गाच्या रुंदीकरणासाठी जुनी मोठी झाडे तोडली गेली. नागरिक रस्त्यावर उतरले, तेव्हा तोड थांबली. वर्ध्याहून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर, म्हणजे सायकलने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण डोक्यावर सावली असेल तरच एप्रिलमध्ये कुणी सायकल काढेल. सावली गेली की ‘सायकल वापरा’ या सल्ल्याला अर्थ उरत नाही.

उलट उदाहरणही इथलेच आहे. शहरालगतच्या उजाड हनुमान टेकडीवर नागरिकांनी श्रमदानातून झाडे लावली आणि जगवली. सकाळचे फिरणे, ओळखीपाळखी आणि झाडाला पाणी या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत होत असल्याने तिथे जाण्यासाठी कुणाला आग्रह करावा लागत नाही.

मग सुरुवात कुठून करावी?

ज्यात आपला फायदा किंवा आनंद सर्वात आधी हाती पडेल, तिथून. कुणासाठी ती गच्ची असेल, कुणासाठी खताची बादली, कुणासाठी टेकडी. एक सवय अंगवळणी पडली की दुसरी धरावी. सोबत नगरपालिका आणि ग्रामपंचायतीकडे सावलीचे रस्ते, वेगळ्या केलेल्या कचऱ्याची वेगळीच उचल आणि वेळेवर येणारी एसटी मागावी. घराघरांतून वेगळा केलेला कचरा एकाच गाडीत एकत्र होत असेल, तर बादल्या दोन ठेवा असे पुन्हा सांगण्यात अर्थ नाही.