टांक्यावर जीव

शिवणकाम हें पोटाचें साधन आहे, हें आपल्या सुशिक्षित घरांना पूर्वींच पटलें आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें, तेथेंहि शिवणाचे वर्ग होते. निराधार स्त्रीला दोन पैसे मिळावे, हा त्यामागचा विचार. परंतु हें काम एखाद्या माणसाला पोटापलीकडे, जन्मभर आवडूं शकतें असें म्हटलें, तर आपण अजूनहि किंचित् हसतों. गवयाला जें कौतुक आपण देतों, तें शिवणाऱ्याला देत नाहीं.

सांगलीस गणपती पेठेच्या बाजूला एका दुकानांत पगारावर शिवणाऱ्या एक बाई माझ्या परिचयाच्या आहेत. माहेर साताऱ्याचें, वय साठीपलीकडचें. नांव छापूं नये असा त्यांचा आग्रह. दुकानाच्या पाटीवर तरी तें कोठें आहे, असें त्या वर म्हणतात. लहानपणीं आजीच्या चोळीसाठीं गुळेदगुड्डचा खण घरीं येई. त्याचा काठ दोन्ही बाह्यांवर सारखा यावा आणि एक चिंधीहि वायां जाऊं नये, हें कोडें कात्री लावण्यापूर्वीं मनांत सोडवावयाचें असतें. सात-आठ वर्षांच्या या मुलीला त्या कोड्याचाच नाद लागला, आणि तो सुटला नाहीं.

आतां चोळ्या कोण शिवतो? काम येतें तें फॉल, पिको, अस्तर आणि तयार कपड्यांची उंची कमी करण्याचें. पण बाईंचा फॉल पाहावा! पट्टी अगोदर पाण्यांत भिजवून वाळविलेली, नाहींतर पहिल्याच धुण्यांत ती आटते आणि साडीचा काठ गोळा होतो. टांका साडीचा एकच धागा उचलणारा. उजव्या बाजूनें शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. त्याला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक त्या वेळेचे पैसे देत नाहीं. साडीला हजारों रुपये मोजून फॉलाच्या दहा रुपयांसाठीं घासाघीस करणाऱ्या आपल्या घरच्या लेकीसुना मीं तेथें पाहिल्या आहेत.

बाईंचें यंत्र म्हणजे जुनें, पायानें चालविण्याचें. हातसुईचें नेढें मागें असतें, म्हणून सुई आरपार ओढावी लागते. एलियस हॉव या अमेरिकन कारागिरानें १८४६ सालीं पेटंट घेतलें त्या यंत्रांत नेढें टोंकाशीं होतें. सुई दोरा खालीं नेते, तेथें त्याचा फांस पडतो, खालचा दोरा त्यांत अडकतो आणि टांका बसतो. आजच्या यंत्राचेंहि मर्म हेंच. यंत्रांविषयीं साशंक असलेल्या गांधीजींनीं १९२४ सालीं सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलें होतें. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरनें प्रेमानें तें केलें, असें त्यांचें म्हणणें. सिंगरचें खरें चरित्र इतकें सोवळें नव्हतें, पण तें असो.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें आणि बाजारपेठ बुडाली. पाणी ओसरल्यावर दुकान उघडलें, तेव्हां विजेवरच्या यंत्रांच्या मोटारी गेलेल्या, कापडाचे तागे चिखलांत. दुकानदारांनीं सर्वच भंगारांत काढावयाचें ठरविलें, आणि बाईंना सुचविलें कीं आतां वय झालें, तयार कपड्यांच्या गल्ल्यावर बसा, पगार तोच. अनेकांनीं हें आनंदानें पत्करलें असतें. बाईंनीं एकच मागणी केली: या महिन्याचा पगार नको, तें पायाचें यंत्र द्या.

घरचा संसार त्याच पगारावर, आणि घरांतहि चिखल. मुलगा रागावला, तें स्वाभाविक होतें. पण बाईंनीं आठ दिवस तें यंत्र खोललें. शटलच्या घरांतला गाळ सुईनें काढला, एकेक भाग रॉकेलनें धुतला, तेल दिलें, कुजलेला चामडी पट्टा बदलला. लाकडी पाट फुगला होता, तो सुतारानें रंधला. नवव्या दिवशीं जुन्या धोतराच्या तुकड्यावर पहिली टीप सरळ पडली. मुलगा शेजारींच उभा होता. त्यानें तो तुकडा उचलून उजेडाकडे धरला आणि कांहीं न बोलतां घडी करून ठेवला.

आज तें यंत्र त्याच दुकानांत, त्याच खिडकीपाशीं चालतें. मालकी मात्र बाईंची. दुकानदार पगार देतात. यंत्राचें भाडें बाईंनीं अद्याप मागितलेलें नाहीं. मागावें, असें मीं दोनदां सांगितलें. दोन्ही वेळां त्यांनीं सुईंत दोरा ओवण्याचें निमित्त काढून मान खालीं घातली.