गावकूस गेलं, हद्द आली

माझा बाप जन्मला गावकुसाबाहेर. मी जन्मलो हद्दीबाहेर. गावकूस मातीचं होतं, ढासळलं. हद्द कागदावर असते. ती पावसानं वाहून जात नाही.

आमची वस्ती शहराच्या शिवेवर. जळगाव म्हणा की धुळे म्हणा, नाव बदलून चिखल बदलत नाही. माय पहाटे शहरात झाडलोटीला जायची. बस वस्तीपाशी थांबत नव्हती. काळीपिवळीत कोंबून जायची, नाहीतर पायी. गटारीचा अर्ज घेऊन मी एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाला, वस्ती आता शहरात आली, तिकडं जा. तिकडचा म्हणाला, कागद अजून आले नाहीत, आधीच्याकडं जा. चार महिने दोन खुर्च्यांनी मला चेंडूसारखा टोलवला. माय म्हणाली, "आते आपन कोना रे भाऊ?"

हा प्रश्न माझ्या मायचा एकटीचा नाही. २०१८ साली धुळे महापालिकेची हद्द वाढली. अवधान, मोराणे, वलवाडी, नगाव धरून अकरा गावं शहरात आली. गाव शहरात आलं की काय होतं? ग्रामपंचायत जाते. ग्रामीण रोजगार हमीचं काम जातं. दलित वस्तीचा पैसा गावात जिल्हा परिषदेच्या वाटेनं येतो, शहरात अण्णाभाऊ साठेंच्या नावाच्या नागरी वस्ती योजनेतून. जुनी वाट बंद होते, नवी सुरू व्हायला वर्षं लागतात. मधल्या खड्ड्यात कोण पडतं? बंगलेवाला पडत नाही, मित्रांनो. त्याच्याकडं मोटार आहे, वकील आहे.

जळगाव आणि भुसावळ यांच्यात अंतर पंचवीसेक किलोमीटर. रोज माणसं इकडून तिकडं पोटासाठी पळतात. पोट एक, रस्ता एक, कचेऱ्या दहा. मुंबईनं हे कधीच ओळखलं. १९७४ सालच्या कायद्यानं मुंबई, ठाणे, रायगड असं एकत्र धरून प्राधिकरण काढलं. त्यानं गरिबाचं भलं झालं असं मी म्हणत नाही. पण निदान शहर हद्दीपाशी संपत नाही एवढं तरी मान्य झालं. घटनेचं कलम २४३ झेडई महानगर नियोजन समिती सांगतं, पण दहा लाखांच्या वर वस्ती असेल तिथंच. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख. म्हणजे आम्ही मोजणीतच नापास!

मग काय, बोंब मारत बसायचं? नाही. त्याच घटनेत २४३ झेडडी आहे. जिल्हा नियोजन समिती. गाव आणि शहर यांच्या योजना एकत्र करायच्या, पाणी वाटायचं, रस्ते एकत्र आखायचे, हे तिचं काम. तिचे पाचातले चार सभासद निवडून आलेले पाहिजेत. पण २०२३ साली दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक बसला. आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा आवाज केला?

इथं मी आपल्यालाच धरतो. नियोजन म्हणजे विंजिनेराचं काम, आपलं काम मोर्चा, असं आपण ठरवून टाकलंय. दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. बाबासाहेब तिथं राहिले म्हणून ऊर भरून येतो. पण बाबासाहेबांनी केलं काय हे विसरतो. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर नदी बिहारातून बंगालात जायची, पुरानं माणसं बुडायची. बाबासाहेबांनी दोन प्रांतांना एका टेबलाशी बसवलं. पाणी प्रांताची हद्द पाहत नाही, म्हणून योजना अख्ख्या खोऱ्याची. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. प्रांताची हद्द ओलांडणाऱ्या माणसाचे आपण वारस, आणि साध्या गटारीसाठी हद्दीपाशी अडून बसलोय!

आता मनमाड-इंदूर रेल्वे येते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. धुळे, शिरपूर वाटेत. रूळ येतील, जमिनीचे भाव चढतील, आणि शिवेवरची झोपडी 'अतिक्रमण' ठरेल. तेव्हा रडण्यापेक्षा आज विचारा. स्टेशनपासून वस्तीपर्यंत बस कोणाची? हद्द वाढली तर वस्तीचा निधी एक दिवसही खंडित होणार नाही असं लेखी कोण देणार? जागेचा कागद कोण देणार?

मित्रांनो, येत्या महिन्यात प्रत्येकानं आपल्या वस्तीचा नकाशा काढा. नळ, गटार, थांबा, मसणवट, सगळं दाखवा. विकास आराखड्यावर हरकती मागवतात, तेव्हा तो नकाशा घेऊन आत शिरा. जिल्हा नियोजनच्या बैठकीआधी आपल्या सभासदाच्या दारात बसा. वाचता येणाऱ्यानं न वाचणाऱ्याला आराखडा वाचून दाखवा.

मायचा प्रश्न अजून तसाच आहे. आपन कोना? उत्तर कुठल्याच कचेरीतून येणार नाही. ते आपल्यालाच लिहायचं आहे, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना डकवायचं आहे.